झुंबरआबांची सोडलेली चाकं

टायरमध्ये पाणी साचलं, पाण्यात डास झाले, एवढ्यावरून माणूस सहा महिने आत जाऊ शकतो, हे मला झुंबर कोळेकरांच्या खटल्यात कळलं. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. सनद हातात येऊन मला पुरतं वर्षही झालं नव्हतं. वडील बारामती कोर्टातले जुने वकील. वाटण्या, बांधाची भांडणं, तिसऱ्या पिढीत पोचलेले दावे, असा त्यांचा संसार. हा खटला त्यांनी माझ्याकडे सरकवला तो लेकीवरच्या विश्वासानं नव्हे, वैतागानं. "वैदेही, तू बघ हे टायरचं काय ते," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आरोपी बाहेर बाकावर बसले होते. साठीचा, उंच, पाठीत जरा वाकलेला माणूस. डोक्याला पटका, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि हात मात्र कोपरापर्यंत काळे. रबराचा काळा रंग साबणानं जात नाही, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. शेजारी त्यांची बायको, मुक्ताबाई. काचबिंदूनं तिची नजर कधीच गेली होती. मी बोलायला लागले की ती मान माझ्याकडे वळवायची आणि नेमकी माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला ते जरा जड जायचं.

"वकीलबाई," आबा म्हणाले, "दंड काय आसंल त्यो भरतो. पर आत न्हाय जायचं. मी आत गेलो तर हिला पान्याचा तांब्या कोन देनार? चूल कोन पेटवनार? घरात तिसरं मानूस न्हाय."

एवढंच त्यांचं मागणं होतं. मी म्हटलं, आबा, काळजी करू नका. नव्या वकिलाला असली वाक्यं फार सुचतात.

कोळेकर मूळचे कन्हेरीकडचे, मेंढ्या राखणारे. बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला आणि झुंबरआबांच्या हातात काठीऐवजी टायर कापायची सुरी आली. जळोचीच्या कडेला, इंदापूर रस्त्यावर, त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं. जुन्या टायरच्या ते गुरांच्या गव्हाणी करत, बाजेच्या पट्ट्या, मोटारीखाली घालायचे ठोकळे, चपलांचे तळवे. मेंढी कातरताना तिला जसं गुडघ्यात धरतात तसंच ते टायर गुडघ्यात धरायचे आणि सुरी साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात गोल फिरवायचे. बघत राहावं असं काम होतं ते.

पण शेडच्या मागं एक ढीग होता. त्या ढिगाला त्यांची सुरी कधी लागली नाही, असं सगळे सांगत.

धनगरांत देवाच्या नावानं मेंढा सोडतात. सोडलेल्या मेंढ्याला कातर लावायची नाही, विकायचं नाही, मारायचं नाही. तो कळपात हिंडतो, म्हातारा होतो, आणि मेला की त्याला माणसासारखं पुरायचं. आबांनी हा नियम टायरला लावला. ज्या चाकाखाली माणूस गेलं, किंवा ज्या गाडीत माणूस गेलं, ते चाक ड्रायव्हर लोक गाडीला ठेवत नाहीत. पोलिसांकडून गाडी सुटून आली की पहिलं ते काढतात. असलं चाक आबा मागून आणायचे. त्याला भंडारा लावायचे आणि मागं नेऊन ठेवायचे. "सोडल्यालं हाय," म्हणायचे. सोलापूर रस्त्यावर अपघातांना काय तोटा? इंदापूरपासून भिगवणपर्यंतचे ट्रकवाले, माणसं कोंबून नेणारे वडाप जीपवाले, कुणीकुणी आपण होऊन आणून टाकायचे आणि मागं न बघता निघून जायचे.

हे सुरू झालं ब्याण्णव साली, त्यांची लेक गेली तेव्हापासून. छकुली एकुलती एक, एकोणीस वर्षांची. शिवणाच्या परीक्षेला इंदापूरला निघाली होती. वडाप जीप उलटली. जीपचा ड्रायव्हर हिंदुराव, त्याच्यावर भरधाव गाडी हाकून माणसं मारल्याचा खटला झाला आणि तो आत गेला. तो तुरुंगात असताना आणि सुटल्यावरही झुंबरआबा दर सुगीला त्याच्या घरी ज्वारीचं पोतं पोचवायचे. लेकीला मारणाऱ्याच्या घरी! अख्ख्या जळोचीत त्यांना देवमाणूस म्हणायचे. मीही ते ऐकलं आणि तसंच म्हटलं, खोटं कशाला सांगू?

पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर जळोचीत घरोघर माणसं तापानं फणफणली. हिवतापवाले फवारणीला आले. त्यांनी शेडमागचा ढीग बघितला, एका टायरमध्ये वाटी बुडवली आणि वर काढली, तर वाटीत नुसती वळवळ. तहसील कचेरीतून हुकूम निघाला : ढीग हलवा, जाळायचा नाही, कारण धुरानं हवा बिघडवणं हाही गुन्हा, आणि पुन्हा उघड्यावर टायर सापडला तर हुकूम मोडून उपद्रव चालू ठेवल्याचा खटला, सहा महिन्यांपर्यंत कैद. गुऱ्हाळवाले चाकं न्यायला टपलेच होते, चुलाणात टायर झकास जळतो. आबांनी एकालाही दिलं नाही. शेडमागच्या आपल्या जमिनीच्या पट्टीत त्यांनी कुदळ-फावड्यानं चर खणला आणि सगळी सोडलेली चाकं, मेंढा पुरतात तशी, अखंड पुरली. वर भंडारा टाकला. साहेब येऊन मोकळी जागा बघून गेले.

इथवर सगळं ठीक होतं. मग पाटाला पाणी सुटलं.

पहिल्यांदा ऐकलं ते मुक्ताबाईंनी. दुपारची त्या दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, "जमीन कुरकुरतीया." आबा हसले. काही दिवसांनी पट्टीत एक गोल भेग पडली, भाकरीएवढी, मग परातीएवढी. मग भेगेच्या आतली माती फुगली. आणि एका सकाळी मातीतून टायरची काळी कड वर आली होती, अगदी स्वच्छ, जशी धुऊन ठेवलेली.

त्यांनी ती परत पुरली. ती परत आली. अजून खोल पुरली. आली. इतर चाकंही इकडं तिकडं डोकं काढायला लागली, पण ती हळूहळू आणि थोडीथोडी. हे एक मात्र पाटाच्या दर आवर्तनाला वर. शेळ्या त्या पट्टीत पाय टाकेनात. गवत हिरवंगार, पण त्याला तोंड लावेनात. बाया लांबून नमस्कार करून जायला लागल्या. इंदापूरकडची एक बाई आली, तिचा नवरा रस्त्यावर गेलेला, "आमचं कुठलं?" एवढंच विचारलं तिनं. आबांनी एका जागी बोट दाखवलं. ती तिथं मातीला हात लावून संध्याकाळपर्यंत बसली, आणि जाताना कुंकवाची पुडी ठेवून गेली. तशा पुड्या वाढल्या, बोभाटा झाला, पोलीस आले, वर आलेल्या टायरांत पाणी आणि पाण्यात डास सापडले. खटला उभा राहिला.

मी संतापले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मी घरी जेवताना मोठ्यानं म्हटलं. माझा भाऊ मिहिर तेव्हा पुण्याहून सुटीवर आला होता. तो इंजिनिअर, सगळ्या गोष्टींना त्याच्याकडे कारण असतं. म्हणाला, "यात भूत कुठं आहे? टायर अखंड पुरला की वरच्या पोकळीत हवा अडकते. खाली तुमची काळी माती, पाणी प्याली की फुगते. टायर वर ढकलला जातो. प्रत्येक टायरला सुरीनं चीर पाड, हवा निघून जाईल. फाटका टायर कधी वर येत नाही."

मला हायसं वाटलं. मी भुताखेतांना मानत नाही. पण न मानणाऱ्यालाही कुणीतरी कारण सांगितलेलं बरं असतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी जळोचीला गेले. तारखेला आठवडा होता. आबा शेडात पट्ट्या कापत होते.

"आबा, सोपं आहे," मी म्हटलं. "प्रत्येकाला एक चीर पाडा आणि पुरा. पुन्हा वर येणार नाहीत. मी कोर्टाला सांगते, बंदोबस्त केला. तुम्हाला आत जावं लागणार नाही."

"सोडल्याल्याला सुरी लावायची न्हाय, बाई."

"अहो, पण मुक्ताबाईंचं काय? तुम्हीच म्हणालात ना, पाण्याचा तांब्या कोण देणार?"

आबांनी सुरी पाण्यात बुडवली, आणि बुडवूनच ठेवली. मला राग आला. माझा राग पायांत उतरतो. मी तडक उठून मागच्या पट्टीकडे निघाले, की बघू तरी कसलं हे चाक. मुक्ताबाई दारातून उठल्या आणि माझ्या पावलांच्या आवाजामागून यायला लागल्या. "मुक्ते, तू नगं जाऊ तिकडं, बाधंल," आबा ओरडले. नंतर कळलं, आजवर एकदाही त्यांनी तिला त्या पट्टीत पाय ठेवू दिला नव्हता.

ते चाक अर्ध्याहून जास्त वर आलं होतं. उभंच्या उभं. भोवती माती फुगलेली, भेगाळलेली, ओली. आजूबाजूला उसात पाखरांचा गलका चालला होता, पण पट्टीत आल्यावर तो ऐकू येईना, म्हणजे आवाज होता, पण लांबचा. मी वाकून बघितलं. टायर बाजूनं फाटलेला होता. चांगला हात जाईल एवढा. कधीकाळी धडकन फुटलेला असावा तसा, दोन्ही कडा बाहेर वळलेल्या. यात हवा अडकायला जागाच नव्हती.

"हा तर आधीच फाटलाय," मी म्हटलं. बहुतेक स्वतःशीच.

"कुठं फाटलंय?" मुक्ताबाई खाली बसल्या.

त्यांनी हात पुढं केला. आधी कड चाचपली, मग ती फाट, मग तिथून बोटं वर टायरच्या पाठीवर गेली, जिथं नक्षी असते. तिथल्या खाचेतून त्यांचं बोट हळूहळू पुढं सरकत गेलं आणि खाच संपली तिथं थांबलं. मग दुसऱ्या खाचेतून. तिथंही शेवटाला थांबलं. आबा येऊन आमच्या मागं उभे होते.

गुळगुळीत झालेल्या टायरला सुरीनं नव्या खाचा पाडायच्या आणि तो चांगला म्हणून पुन्हा गाडीला चढवायचा, हा धंदा तेव्हा सर्रास चालायचा. चोरून करायचं काम, पण सगळ्यांना माहीत असलेलं. झुंबरआबांचा त्यात हात धरणारा इंदापूरपर्यंत कुणी नव्हता. आणि त्यांची एक लकब होती. खाच संपवताना ते सुरीला छोटा बाक द्यायचे, बापाच्या मेंढ्यांच्या कानाला जी खूण असायची तसा. नजर होती तेव्हा मुक्ताबाईच समोर बसून टायर धरायच्या.

"ह्यो तुमचा हात हाय," त्या म्हणाल्या.

आबांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"तुमी म्हनायचा, सोडल्याल्या चाकाला कदी सुरी लावली न्हाय. कुटल्या गाडीचं ह्ये?"

"मुक्ते, ऊठ. ऊन लागंल."

"कुटल्या गाडीचं?"

"हिंदुरावच्या," आबा म्हणाले.

मुक्ताबाईंचं बोट खाचेतच होतं. त्यांनी ते आत दाबलं, नखानं तळ खरवडला. तळाशी रबर नव्हतंच. टायरच्या आतलं सुताचं कापड असतं, त्याचे दोरे त्यांच्या नखाला लागत होते. मला ते दिसत होतं.

"लई खोल गेलीया सुरी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसा. मग त्या उठल्या, मला म्हणाल्या, "बाई, हातावर पानी घाला." मातीला गेलेली माणसं परत आल्यावर दारात हात धुतात तसे त्यांनी धुतले आणि घरात गेल्या.

आबा तिथंच खाली बसले. रडले नाहीत. जीपमालकाला पुढचं डावं चाक घाईनं हवं होतं, सुरी नवी होती, हात वाहवत गेला, तेच रस्त्यात फुटलं, असं काहीतरी सांगत राहिले. अपघातानंतर पोलिसांनी जीप भंगारात काढली तेव्हा हे चाक त्यांनीच पहिलं जाऊन आणलं. जाळायचा धीर झाला नाही, कापायचा तर नाहीच. मग एकट्या चाकाला कुणी विचारू नये म्हणून दुसरी आणली, आणि मग आणतच राहिले. मी ऐकत होते आणि मला या माणसाची किळस येत होती, आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम येताना काय करायचं हे कायद्याच्या कॉलेजात शिकवत नाहीत. हिंदुराव आत असताना हा माणूस त्याच्या घरी ज्वारी पोचवत होता.

घरी येऊन मी मिहिरला सांगितलं की फाटका टायरही वर आला. तो म्हणाला, "मग मला माहीत नाही." मिहिरच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

तारखेला मी तयारीनं गेले होते. गुन्हा नाकबूल म्हणायचं, हे आबांना पढवून ठेवलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल हाय," आबा म्हणाले. "पर ह्यो न्हाय. दुसरा."

आणि त्यांनी भर कोर्टात सगळं सांगितलं. जीप, सुरी, खाचा, हिंदुराव. शिरस्तेदारांनी लिहिणं थांबवलं. मागच्या बाकावर मुक्ताबाई ताठ बसल्या होत्या, मान आवाजाच्या दिशेला. न्यायाधीश भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते प्रकरण या कोर्टापुढे नाही. त्यात ड्रायव्हरला शिक्षा होऊन गेलेली आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर पोलिसांत वेगळं सांगा. आपल्यापुढे फक्त डासांचा प्रश्न आहे."

डासांचा गुन्हाही आबांनी कबूल केला, मग मी उभी राहिले. वय, पूर्वी एकही गुन्हा नाही, घरी अंध पत्नी, तिसरं माणूस नाही. हे भाषण मी आठवडाभर पाठ केलं होतं आणि ते गाडीच्या चाकासारखं आपोआप सुटलं. न्यायाधीशांनी मान डोलावली. कैद नको, दंड.

"सायेब, मला आत घाला," आबा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही आत गेलात तर या आजी घरी एकट्या पडतील."

तेव्हा मुक्ताबाई मागून उठल्या. कोर्टात असं मधेच बोलायचं नसतं, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

"व्हय सायेब," त्या म्हणाल्या. "घरीच धाडा त्यास्नी."

माझ्या वकिलीतला हा पहिला विजय. वडिलांनी पेढे आणले. मला एकही खाववला नाही.

आबांनी पोलिसांत अर्ज दिला, मीच लिहून दिला. त्याचं पुढं काही झालं नाही. चाक हा एकच पुरावा, आणि ते त्यांनीच पाच वर्षं आपल्याकडे ठेवलेलं. हिंदुरावला मी भेटले. तो इंदापुरात एका खानावळीत भांडी घासत होता. सगळं ऐकून म्हणाला, "आता काय त्येचं," आणि पुढच्या सुगीला ज्वारीचं पोतं त्यानं दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर पाटाला दोनदा पाणी येऊन गेलं. पट्टीतून पुन्हा काही वर आलं नाही. शेळ्या तिथं चरायला लागल्या. आबांनी सुरी मोडून टाकली होती आणि ते मुक्ताबाईंना सोडून कुठंच जात नव्हते. तिला तांब्या देत, चूल पेटवत, तिची वेणी घालत. जळोचीत लोक पुन्हा म्हणायला लागले, देवमाणूस.

एकदा मोरगावहून परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. दुपार होती. दार लोटलेलं होतं. आतून आबांचा बोलण्याचा आवाज येत होता, सलग, एका सुरात. पाहुणे असतील म्हणून मी उंबऱ्याशी थांबले. शेजारची बाई कुंपणापलीकडं धुणं वाळत घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "रोजचं हाय. जेवनं झाली की रोज."

"... चहा बी पुरा प्याली न्हाय," आबा सांगत होते. "तशीच निघाली. मी म्हनलं, यस्टीची वाट नगं बघू, उशीर हुईल. जीप येताना दिसली. मीच हात केला."

"हं," मुक्ताबाईंचा आवाज. कहाणी ऐकताना बाया देतात तसा हुंकार. "मग?"

"जीप थांबली. ती मागं बसाय लागली."

"मग?"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मी म्हनलं, म्होरं बस," आबा म्हणाले. "त्याच चाकाच्या अंगाला, म्होरल्या शिटावर. म्होरं धूळ लागत न्हाय."

"हं. मग?"

"मग काय न्हाय."

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या. "आता पयल्यापासनं सांगा."